अंगणात गेलेली शाळा : ताराबाई मोडक

बालाघाट जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात जावे, मग ते वारासिवनीकडचे धानाच्या बांध्यांनी वेढलेले गाव असो की बैहरच्या पलीकडे साल-सागाच्या रानात वसलेला बैगांचा टोला असो, एक पाटी तेथे हमखास दिसते. त्या पाटीवर ‘आंगनवाडी केंद्र’ ही अक्षरे असतात. हिंदी राज्यकारभाराच्या शब्दकोशात हा शब्द आता इतका मुरला आहे, की तो कोणी घडविला असेल, कोठे घडविला असेल, असा प्रश्नही मनात येत नाही. परंतु हा शब्द दिल्लीच्या कोणत्याही समितीने शोधून काढलेला नाही. अरबी समुद्राच्या काठी, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला असलेल्या बोर्डी नावाच्या गावात, अंगणात बसविलेल्या एका लहानशा शाळेतून तो जन्माला आला. ती शाळा सुरू करणाऱ्या बाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या आणि देशातील नामांकित शिक्षणतज्ज्ञांत त्यांची गणना होत होती. त्या म्हणजे श्रीमती ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई ही दोघेही प्रार्थना समाजाच्या सुधारणावादी वातावरणातील माणसे. ज्या काळात मुलीच्या शिक्षणाचा विषय निघाला की शेजारीपाजारी भुवया उंचावत, त्या काळात केळकरांच्या घरी मुलीने शिकणे ही वादाची गोष्टच नव्हती. १९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. आपल्याकडे पदवीधर स्त्रिया तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढे त्यांना खेड्यातील धुळीत बसलेले पाहून भल्याभल्यांना नवल का वाटले असेल, ते कळते.

१९१५ मध्ये त्यांचा विवाह अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झाला आणि त्या वऱ्हाडात आल्या. वऱ्हाड १९०३ पासून मध्यप्रांताच्या प्रशासनाला जोडला गेला होता. अमरावती आणि बालाघाट या दोन्ही जिल्ह्यांचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले. या अर्थाने आपल्याच प्रांताची ही एक सून म्हणावयास हरकत नाही. परंतु हा संसार फार काळ टिकला नाही. १९२१ मध्ये पतिपत्नी वेगळी झाली आणि लहान मुलीला घेऊन ताराबाईंनी अमरावती सोडली. चरित्रकार बहुधा हा भाग दोन ओळींत उरकतात आणि पुढच्या थोर कार्याकडे वळतात. ते योग्य नव्हे. १९२१ साली, मूल पदरी असताना, नवऱ्याचे घर सोडून स्वतःच्या पगारावर उभे राहणे म्हणजे काय, याची कल्पना आजच्या वाचकाला सहजासहजी येणार नाही. घर सावरू शकत नाही म्हणून कामावर जाणारी आई आणि तिच्यामागे राहिलेले मूल हा पुढे त्यांच्या आयुष्याचा विषय झाला. तो त्यांना पुस्तकांतूनच भेटला होता असे नाही.

त्यानंतर त्या राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या झाल्या. पगार, बंगला, मानमरातब, सर्व काही होते. याच सुमारास काठेवाडात भावनगर येथे एक वेगळाच प्रयोग चालला होता. नानाभाई भट्ट यांच्या दक्षिणामूर्ती या संस्थेत गिजुभाई बधेका या वकिली सोडून आलेल्या गृहस्थांनी १९२० मध्ये बालमंदिर काढले होते. अडीच-तीन वर्षांच्या मुलांना छडी नाही, धाक नाही, पाठांतर नाही. मुले हिंडतात, पाहतात, हाताळतात, गाणी म्हणतात, नाटके करतात आणि त्यातच शिकतात, असे तेथे चाले. ज्यांची सारी उमेद ‘छडी लागे छमछम’च्या शाळेत करपली होती, अशा पिढीला हे ऐकून हसू येई. ताराबाईंना मात्र आपली जागा सापडली. १९२३ मध्ये राजकोटचे मानाचे पद सोडून त्या भावनगरला गेल्या आणि गिजुभाईंच्या सहकारी झाल्या. त्यांनी गुजराती आत्मसात केली, गिजुभाईंबरोबर त्या भाषेत लेखन केले, शिक्षकांना तयार केले. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. गिजुभाईंचे लेखन पुढे हिंदीत आणण्याचे मोठे काम मध्य प्रदेशातील काशिनाथ त्रिवेदी यांनी केले. आपल्या भागातील अनेक जुन्या शिक्षकांना भावनगरची ओळख त्यांच्यामुळेच झाली.

गिजुभाई आणि ताराबाई या दोघांचीही प्रेरणा इटलीतील डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांच्या कार्यात होती. येथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे, कारण ताराबाईंच्या पुढील आयुष्याची किल्ली या कथेत आहे. रोम शहरातील सान लोरेन्झो ही मजुरांची वस्ती. तेथील चाळींची डागडुजी एका बांधकाम कंपनीने केली. आईबाप दिवसभर कामावर जात आणि मागे राहिलेली पोरे जिने-भिंती खराब करीत. भिंतींच्या रंगरंगोटीवर वारंवार खर्च करण्यापेक्षा मुलांना एका खोलीत सांभाळणे स्वस्त पडेल, असा व्यवहारी हिशेब करून कंपनीने ती जबाबदारी मॉन्टेसरीबाईंकडे सोपविली. अशा रीतीने ६ जानेवारी १९०७ रोजी पहिले ‘बालकांचे घर’ उघडले. भिंती वाचाव्यात म्हणून घातलेल्या पैशातून जगाच्या शिक्षणाची दिशा बदलली! गुंतवणूक म्हणतात ती हीच; फक्त गुंतविणाऱ्याला आपण कशात पैसे गुंतवीत आहोत याचा पत्ता नव्हता.

म्हणजे ही पद्धत मुळात गरिबांच्या मुलांसाठी, गरिबांच्या वस्तीत जन्मली. परंतु गावोगाव पसरता पसरता ती श्रीमंत झाली. घासून गुळगुळीत केलेले लाकडी ठोकळे, दट्ट्यांच्या पेट्या, रंगीत पट्ट्या, बेतशीर टेबल-खुर्च्या, यांचा संच परदेशातून आणवावयाचा किंवा कुशल सुताराकडून करवून घ्यावयाचा, तर शे-दोनशे घरांच्या खेड्याने तो कोठून आणावा? भारतात ही पद्धत आली ती संस्थानिक, व्यापारी आणि शहरी मध्यमवर्ग यांच्या मुलांसाठी. भावनगरचे बालमंदिरही याला फारसे अपवाद नव्हते. गिजुभाई आणि ताराबाई यांना ही गोष्ट बोचत होती, हे त्यांच्या पुढील वाटचालीवरून दिसते. गिजुभाई १९३९ मध्ये वारले. ती बोच घेऊन पुढे जाण्याचे काम ताराबाईंकडे आले.

दरम्यान १९३२ च्या सुमारास त्या भावनगर सोडून मुंबईला आल्या होत्या. १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार सुरू केले. बालशिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिर चालविले, मराठी ‘शिक्षणपत्रिके’चे संपादन केले, आईबापांसाठी लिहिले, व्याख्याने दिली. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, हट्ट करणारे मूल वाईट नसते, त्याला काही सांगावयाचे असते, ही गोष्ट मराठी मध्यमवर्गाच्या गळी उतरविण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात त्यांच्याकडे जाते. दादरच्या शिशुविहारात प्रवेश मिळावा म्हणून पालक धडपडू लागले. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी मराठी शिक्षणाच्या इतिहासात त्यांचे नाव राहिलेच असते.

त्या थांबल्या नाहीत, यात महात्मा गांधींचा वाटा आहे. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत मांडलेली बुनियादी शिक्षणाची योजना सात वर्षांच्या पुढील मुलांसाठी होती. तुरुंगातून सुटल्यावर, १९४४-४५ मध्ये, गांधीजींनी शिक्षणाचा विचार जन्मापासून करावयास हवा असे धरले आणि पूर्व-बुनियादी शिक्षणाचा प्रश्न पुढे आला. या विचारविनिमयात ताराबाईंचा सहभाग होता. खेड्यातील अडीच ते सहा वर्षांच्या मुलाला परवडेल, त्याच्या मातीत उगवेल, असे बालशिक्षण हवे होते. ते कसे असावे हे मुंबईत बसून लिहून देणे ताराबाईंना सहज शक्य होते. त्यांनी टिपण लिहून देण्याऐवजी बिऱ्हाड हलविले.

२४ डिसेंबर १९४५ रोजी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. बोर्डीला आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षकांनी शिक्षणाचे वातावरण आधीच निर्माण केले होते. ताराबाईंच्या सोबत होत्या अनुताई वाघ. अनुताई बालपणीच विधवा झालेल्या, जिद्दीने शिकलेल्या आणि पुण्यात शिक्षिका म्हणून स्थिरावलेल्या. त्याच वर्षी बोरीवली येथे कस्तुरबा ट्रस्टच्या ग्रामसेविका शिबिरात दोघींची गाठ पडली आणि अनुताई काही दिवसांसाठी म्हणून बोर्डीला आल्या. त्या पुढे अखेरपर्यंत या कामातून बाहेर पडल्या नाहीत.

त्या भागाची स्थिती कशी होती? वारली आदिवासी आपल्याच पूर्वजांच्या जमिनीवर कुळे आणि वेठबिगार झाले होते. तेथे ‘लग्नगडी’ नावाची एक प्रथा होती. तरुणाने लग्नाच्या खर्चासाठी सावकाराकडून थोडी रक्कम उचलावयाची आणि ती फेडण्यासाठी त्याच्याकडे राबावयाचे. कर्ज फिटत नसे. त्याची बायकोही त्याच घरी राबे आणि मूल चालू लागले की मालकाच्या गुरांमागे जाई. दारिद्र्याचे चक्र हा शब्दप्रयोग आज परिसंवादांत फार सैलपणे वापरला जातो. लग्नगड्याच्या झोपडीत मात्र त्या चक्राचा प्रत्येक आरा मोजून दाखविता आला असता. बापाच्या लग्नाचे कर्ज मुलाच्या बालपणातून वसूल होत होते.

ज्या १९४५ साली ताराबाई बोर्डीला आल्या, त्याच वर्षी त्याच परिसरात गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. या दोन स्त्रियांचे मार्ग इतके भिन्न, की एकीच्या चरित्रात दुसरीचे नाव क्वचितच येते. एक लाल बावटा घेऊन मालकाच्या दारात उभी राहिली, दुसरी फणी, साबण आणि पाण्याची बादली घेऊन मुलाच्या दारात. ताराबाईंच्या भक्तांना हे कदाचित रुचणार नाही, परंतु वेठीचा पाश त्या लढ्याने सैल केला नसता, तर अंगणात येऊन बसावयास वारल्याचे मूल मोकळेच कोठे होते? तसेच हेही खरे, की पाश सुटलेल्या बापाचे मूल निरक्षर, खरजेने भरलेले आणि अर्धपोटी राहिले, तर त्याला नवा सावकार मिळण्यास फार दिवस लागत नाहीत.

बोर्डीत प्रथम रीतसर बालवाडी निघाली. गावातील मुले आली. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, ती वाड्या-पाड्यांवरची मुले मात्र आली नाहीत. याची कारणे शोधताना ताराबाईंमधील खरी संशोधक दिसते. मुलांना शिकणे नकोसे होते किंवा आईबाप अडाणी होते, असे सोपे उत्तर त्यांनी स्वीकारले नाही. आई भल्या पहाटे कामावर जाते, त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाला धुऊन-पुसून शाळेत पोचविणारे घरात कोणी नसते. सहा-सात वर्षांची बहीण असते, पण तिच्या कडेवर तान्हे मूल असते. आठ वर्षांचा भाऊ गुरांमागे असतो. अंगावर धड कपडा नाही म्हणून गावात जाण्याची लाज वाटते. आणि गावच्या मुलांबरोबर एका पटावर बसण्याची भीती वेगळीच.

यावर त्यांनी काढलेला तोडगा ऐकावयास फार साधा आहे. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाच्या घरी जावे. शिक्षिका सकाळी वस्तीवर जाई. एखाद्या झोपडीपुढचे अंगण झाडून, सारवून घ्यावयाचे, मुलांना हाका मारून गोळा करावयाचे, तोंडे धुवावयाची, नखे कापावयाची, केस विंचरावयाचे आणि तेथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू करावयाचे. आजूबाजूला म्हाताऱ्या बसत, कामावर न गेलेल्या बाया येऊन उभ्या राहत. मुलाचे डोके खाजते त्याला उपाय आहे, फोडाला औषध आहे, मुलाशी बोलावे लागते, हे त्यांना व्याख्यान न देता समजे. हीच ती अंगण-बालवाडी, तिचीच पुढे अंगणवाडी झाली.

दुसरा प्रश्न साधनांचा. येथे भावनगरात आणि दादरला वीस-बावीस वर्षे केलेला अभ्यास उपयोगी पडला. मॉन्टेसरीबाईंचा ठोकळा मुलाला लहान-मोठे, जाड-बारीक, जड-हलके यांतील फरक हाताने कळावा म्हणून असतो, हे ज्याला नीट कळले, त्याला ठोकळ्याची गरज उरत नाही. बोर्डीच्या किनाऱ्यावर शिंपल्यांची वाण नव्हती. खडे, बिया, पाने, फुले, चिकणमाती, बांबूच्या कांड्या, नारळाच्या करवंट्या यांतून मोजणे, जुळविणे, क्रम लावणे, रंग ओळखणे, सारे काही साधले. ज्या वस्तू मूल रोज पाहते त्याच शाळेत आल्यामुळे शाळेची भीती गेली. शिवाय साधन तुटले किंवा हरवले तरी कोणाच्या पोटात गोळा येत नसे. पैशाअभावी केलेली तडजोड म्हणून अनेकांनी या साधनांकडे पाहिले. वास्तविक मूळ सिद्धान्त इतका पचविल्याशिवाय अशी काटकसर करता येत नाही. अर्धवट समजलेल्या माणसाला महागडी पेटीच लागते.

१९५६-५७ च्या सुमारास केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, थेट वारली पाड्यांच्या मधोमध गेले. तेथे या कल्पनेचा पुढचा विस्तार झाला आणि तो अंगणवाडीइतकाच मोलाचा असूनही त्याची चर्चा कमी होते. त्याचे नाव विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा या तिन्ही गोष्टी एकाच आवारात ठेवावयाच्या. बहीण शाळेत येत नाही कारण कडेवर भाऊ आहे. तर भावाला पाळण्यात ठेवा, त्याच्या मधल्या भावंडाला बालवाडीत घ्या, म्हणजे बहीण वर्गात बसेल आणि मधल्या सुट्टीत धाकट्याला पाहून येईल. शिक्षणखात्याच्या कागदावर ही तीन वेगवेगळी खाती, तीन वेगवेगळी अनुदाने. गरिबाच्या घरात ती एकाच आईची तीन मुले असतात. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत असताना शिक्षकाने कुरणात जावयाचे आणि झाडाखाली शिकवावयाचे. मुलाची कमाई बुडाली तर बाप त्याला शाळेत पाठविणार नाही, हे वास्तव नाकारून चालणार नव्हते.

बालाघाटच्या वाचकाला हे सारे परके वाटू नये. चैत्र-वैशाखात मोहफुले वेचावयास आणि तेंदूपाने तोडावयास आईबाप पहाटेच रानात जातात. आषाढ-श्रावणात रोवणीला गाव रिकामे होते. मँगनीजच्या खाणींचा हा जिल्हा, तेथेही पिढ्यानपिढ्या मजूर स्त्रिया राबल्या. धुऱ्यावर, फडक्यात गुंडाळून ठेवलेले तान्हे मूल आणि त्याच्यावरच्या माशा हाकलीत बसलेली सहा वर्षांची ताई हे चित्र वैनगंगेच्या खोऱ्यात कोणी पाहिले नसेल असे होणार नाही. त्या ताईचे नाव शाळेच्या पटावर असते आणि ती शाळेत नसते. कोसबाडने जो प्रश्न सोडवावयास घेतला, तो तिचा होता.

आणखी एक गोष्ट ग्रंथालयाशी संबंध असणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. ताराबाईंच्या बालवाडीत पाटी-पेन्सिलीला घाई नव्हती. गोष्ट, गाणे, संभाषण यांना मात्र रोजचा ठरलेला वेळ होता. मुलाने पुष्कळ ऐकावे, पुष्कळ बोलावे, आपल्या बोलीत बोलावे, मग अक्षराकडे यावे. वारली मुलाची बोली शिक्षिकेने शिकावी, तिची थट्टा करू नये. पुस्तकाचा वाचक हा अक्षरओळखीच्या दिवशी जन्मत नाही. कोणाच्या तरी मांडीवर बसून गोष्ट ऐकताना, पुढे काय झाले असेल या उत्सुकतेत, तो कित्येक वर्षे आधीच जन्मलेला असतो. ज्या घरात अशी मांडी मोकळी नसते, तेथे ती कोणी तरी पुरवावी लागते.

ताराबाईंच्या या खटपटीला त्या काळी अनेकांनी दयाळूपणाचे काम मानले. मुलांना न्हाऊ घालणाऱ्या सात्त्विक बाई, अशी त्यांची प्रतिमा झाली. त्या १९४६ ते १९५१ या काळात मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या, १९४९ मध्ये इटलीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय मॉन्टेसरी परिषदेला उपस्थित होत्या, हे अनेकांच्या स्मरणातही राहिले नाही. १९६२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत मिशिगन राज्यात इप्सिलांटी या गावी गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुलांवर एक प्रयोग सुरू झाला. काहींना उत्तम बालशिक्षण दिले, काहींना ते मिळाले नाही, आणि दोन्ही गटांचा चाळीस वर्षांच्या वयापर्यंत मागोवा घेतला. बालशिक्षण मिळालेल्यांचे शिक्षण अधिक झाले, मिळकत अधिक झाली, तुरुंगात जाण्याचे प्रमाण कमी राहिले. जेम्स हेकमन या अर्थशास्त्रज्ञाने, ज्यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, पुढे हीच आकडेवारी तपासून असे मांडले, की माणसावर खर्च करावयाच्या पैशाचा सर्वाधिक परतावा त्याच्या पहिल्या काही वर्षांत मिळतो.

परंतु कोसबाडशी अधिक जवळचे नाते सांगणारा प्रयोग जमैका बेटावरचा आहे. किंग्स्टन शहरातील गरीब वस्त्यांमध्ये १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेली १२९ बालके निवडण्यात आली. त्यांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला जात, घरगुती टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी बरोबर नेत आणि आईला मुलाशी खेळावयास, बोलावयास शिकवीत. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी पाहिले, तेव्हा अशा भेटी मिळालेल्या मुलांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त भरली. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. घरी जाणारी सेविका, टाकाऊतून खेळणी, आईचा सहभाग! बोर्डीचे अंगण आणि किंग्स्टनची झोपडी यांत समुद्रांचे अंतर आहे, पद्धतीत फार थोडे. ताराबाईंकडे आकडेवारी नव्हती. वीस वर्षे थांबून हिशेब मांडण्याची त्यांना सवडही नव्हती; पुढच्या पाड्यावरची मुले वाट पाहत होती.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्राला नाव घेतले ते अंगणवाडीचे. पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, मातांना पोषण व आरोग्याचे शिक्षण आणि शालापूर्व शिक्षण अशा सहा सेवा त्या एका छपराखाली आल्या. आज देशात तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. जगातील एवढी मोठी योजना एका मराठी खेड्यातील अंगणाचे नाव मिरविते, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

अभिमानाबरोबर थोडा विचारही व्हावा. सरकारने अंगणवाडीचे नाव घेतले, अंगण घेतले, खाऊ घेतला. पोषण आणि लसीकरण यांमुळे किती तरी मुले जगली, हे ऋण मोठे आहे. परंतु ताराबाईंच्या योजनेत सर्वांत महाग वस्तू कोणती होती, तर ती शिक्षिका. साधने फुकटची, इमारत नाही. खर्च करावयाचा तो बाईच्या तयारीवर. खडा कोणीही उचलील, पण त्या खड्याने मुलाला काय शिकवावयाचे आहे हे जाणणारी बाई घडविण्यास वर्ष-दोन वर्षे लागतात. याच कारणाने त्यांनी भावनगर, दादर, बोर्डी आणि कोसबाड या प्रत्येक ठिकाणी शाळेबरोबर अध्यापन मंदिर चालविले. सरकारी योजनेत ही बाई मानधनावरची सेविका झाली. खिचडी, वजनकाटा, नोंदवह्या, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे यांच्या ओझ्याखाली सहा सेवांपैकी शिक्षणाची सेवा कित्येक ठिकाणी सर्वांत शेवटी येऊ लागली. अंगणवाडी सेविकांना उपदान मिळण्याचा हक्क आहे, हे ठरण्यास २०२२ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यावा लागला. तीन ते सहा वर्षांचे वय हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा आहे, हे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्पष्टपणे आले ते २०२० मध्ये, बोर्डीच्या अंगणानंतर पाऊणशे वर्षांनी.

ताराबाईंच्या मागे कोसबाडची टेकडी अनुताईंनी सांभाळली. पाळणाघर, बालवाडी, कुरणशाळा, शिक्षिकांचे वर्ग चालू राहिले. १९८५ मध्ये अनुताईंना पद्मश्री मिळाली. काही दिवसांसाठी म्हणून आलेल्या या बाईंनी सत्तेचाळीस वर्षे ते काम केले आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या गेल्या. ते ताराबाईंच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते.